पाळकसाहेबांची पाठवणी

रविवारी सकाळी चर्चच्या दारात उभं राहून येणाऱ्यांशी हात मिळवणं आणि त्यांना बाकांवर बसवणं, हे गिल्बर्ट गीकीचं काम. पोर्टलोगीच्या मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, तो मुख्य पंच. आठवडाभर बंदराशेजारच्या दुकानात खिळे, कड्या आणि रंगाचे डबे विकायचा आणि रविवारी काळा कोट चढवून दारात उभा राहायचा. पण अलीकडे हात मिळवायला हातच सापडत नव्हते. गावातली निम्मी माणसं रविवारची बस पकडून शेजारच्या बलगारोला, तिथल्या तरुण पाळकाचा उपदेश ऐकायला जायची. उरलेली घरी बसून आजारी पडायची आणि दुपारच्या जेवणाला बरी व्हायची.

त्या फेब्रुवारीतल्या रविवारी मात्र गीकीच्या हातात एका नव्याच माणसाचा हात आला. उंच, नव्या कोऱ्या टोपीतला. "सहज फिरत आलो होतो," तो म्हणाला. फेब्रुवारीत, असल्या वाऱ्यात, पोर्टलोगीला सहज फिरत कुणी येत नाही. पाठोपाठ एक बाई आल्या, त्याही सहज फिरत आलेल्या. मग एक जाडजूड गृहस्थ, धापा टाकत, पण सहजच. चौथ्या पाहुण्याही बाईच; त्यांनी आत पाऊल टाकलं आणि गीकीने विचारायच्या आधीच सांगून टाकलं की त्या बाकीच्या तिघांना ओळखत नाहीत.

तेवढ्यात चर्चचा शिपाई टॅम डफस गीकीच्या कानाला लागला. टॅम आणि गीकी शाळेत एका बाकावर बसलेले, त्यामुळे गीकी मुख्य पंच झाला तरी टॅमने त्याला कधी जुमानलं नव्हतं.

"अरे गिल्बर्ट, गाडी त्यांनी बर्फाच्या गोदामामागे लपवलीय. चौघं एकदम उतरले आणि चार गल्ल्यांनी निघाले. आपल्या गावात गल्ल्या तीनच, म्हणून त्या शेवटच्या बाईंना बिचारीला थांबावं लागलं."

"म्हणजे समिती?"

"मग काय मासे घ्यायला आलेत?"

स्कॉटलंडात हे शेंबड्या पोरालाही कळतं. ज्या मंडळीला पाळक नाही, ती आपली समिती नेमते, आणि ती समिती दर रविवारी कुठल्या तरी दुसऱ्या गावात जाऊन तिथल्या पाळकाचा उपदेश गुपचूप ऐकते. आवडला तर पळवते. समितीने आपण समिती नसल्याचं सोंग करायचं आणि गावाने आपल्याला काही कळलं नसल्याचं, अशी पिढ्यानपिढ्यांची रीत आहे. गीकीच्या आनंदाला भरतं आलं. पोर्टलोगीच्या पाळकाला न्यायला कुणीतरी आलं होतं!

रेव्हरंड मेल्ड्रम वाईट मनुष्य होते असं त्यांचा शत्रूही म्हणाला नसता, आणि शत्रू त्यांना नव्हताच. डॉड विशर्टची होडी वादळात अडकली, तेव्हा ती परत येईपर्यंत हे गृहस्थ डॉडच्या बायकोशेजारी धक्क्यावर भिजत उभे होते, आणि एक शब्द बोलले नव्हते. तेच तर गावाचं म्हणणं होतं. न बोलता हा माणूस देवासारखा. पण रविवारी बोलायचे. बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकावर त्यांचं तिसरं वर्ष चालू होतं, आणि पानगळीपासून ते देवाच्या निवासमंडपाची मापं सांगत होते. पडदे झाले, पडद्यांच्या कड्या झाल्या, आता फळ्या सुरू होत्या. पोर्टलोगीत उपदेशाला तोंडात पेपरमिंटची गोळी ठेवायची पद्धत आहे. आधीचे पाळक दोन गोळ्यांत आटपायचे. मेल्ड्रमसाहेबांना पुडी लागायची.

यात हसण्यासारखं काही नव्हतं, निदान गीकीला तरी. सगळ्या मंडळ्यांवर देखरेख करणाऱ्या वरिष्ठ सभेत कुजबुज सुरू झाली होती की पोर्टलोगी आणि बलगारो इतकी जवळ, दोन चर्च कशाला हवीत? एकाला कुलूप लावू. कुठल्या, हे बाकांकडे बघून कुणालाही सांगता आलं असतं. गीकीचा बाप आणि आजा याच चर्चचे पंच होते. त्याचं लग्न इथे लागलं, आई इथूनच गेली. त्या दाराला कुलूप लागलं तर रविवारी सकाळी उठून जायचं कुठे, हा प्रश्न त्याला दुकानात खिळे मोजतानाही छळायचा. नवा पाळक आला तर माणसं परततील, आणि माणसं परतली तर चर्च राहील, असा त्याचा सरळ हिशेब होता.

"टॅम, बस सुटली का रे?"

"सुटतेय आता."

"पळ. सांग त्यांना समिती आलीय म्हणून."

टॅमला पळताना गावाने कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे बसमधली माणसं तेवढ्यानेच खाली उतरली. टॅम एवढंच म्हणाला, "मेल्ड्रमला न्यायला आलेत!" आणि बस रिकामी झाली. धर्माला जे मेल्ड्रमसाहेबांच्या अकरा वर्षांत जमलं नव्हतं ते चौकसपणाने क्षणात केलं. चौघं दिसतात कशी, कुठल्या गावची, टोपी केवढ्याची, हे बघायला सगळे चर्चकडे निघाले. एकट्याने बलगारोला जाऊन करू काय म्हणत बसचा ड्रायव्हरही मागोमाग आला.

आत वेगळंच संकट उभं राहिलं होतं. टोपीवाला गृहस्थ जाऊन बसला तो नेमका जेसीकाकूंच्या बाकावर. जेसीकाकू छत्री उलटी धरून त्याच्यामागे उभ्या होत्या.

"काकू, आजचा दिवस दुसरीकडे बसा ना," गीकी हळूच म्हणाला.

"का म्हणून? माझ्या बापाची जागा आहे ती! त्याला उठव, नाहीतर मी उठवते."

"अहो, पाळकसाहेबांना न्यायला आलेत ते."

जेसीकाकूंनी छत्री सुलटी केली. टोपीवाल्याला नीट न्याहाळलं. मग आपली बसायची गादी त्याच्याकडे सरकवून गोड आवाजात म्हणाल्या, "गार लागेल हो बाळा, ही घे. पाठीला काही देऊ का?"

गीकी बाकाबाकांवरून कुजबुजत फिरला. कुणी झोपायचं नाही. कुणी घड्याळ काढायचं नाही. गोळ्या खिशात ठेवायच्या, कागद वाजतात. मान हलवायची, पण फार नाही, आपण स्कॉटिश आहोत. डॉड विशर्ट पहिल्या स्तोत्रालाच घोरायला लागतो म्हणून त्याच्या बायकोला टोपीची पिन हातात धरून बसायला सांगितलं. आणि सगळ्यांत महत्त्वाची सूचना शेवटी.

"उपासना झाली की दारात कुणी साहेबांची स्तुती करायची नाही."

"आता हे काय?" डॉडने विचारलं. "खपवायचाय ना माल?"

"म्हणूनच. मी दुकानदार आहे, मला विचार. गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडलं की त्याला संशय येतो. समित्या पक्क्या असतात. पाळक चांगला असला की गाव त्याला लपवून ठेवतं, हे त्यांना ठाऊक असतं. तेव्हा आपण लपवायचा. तोंडं वाकडी करा. आमच्या माणसाला हात लावाल तर खबरदार, असं दिसलं पाहिजे."

टॅम मोठं बायबल घेऊन पुढे आणि मेल्ड्रमसाहेब मागे, असे दोघं आतल्या खोलीतून निघाले. दारातच साहेब थबकले. एरवी समोर लाकूड दिसायचं, आज माणसं दिसत होती.

"टॅम," त्यांनी घाबरून विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही साहेब."

"मग हे सगळे?"

खरं सांगायची सोय नव्हती, आणि खोटं सांगायची टॅमला एरवी हौस होती, पण हातात बायबल होतं. त्याने मधला मार्ग काढला. "लोक आलेत साहेब. तुमच्यासाठीच आलेत."

हे अक्षरशः खरं होतं. मेल्ड्रमसाहेबांनी रुमाल काढल्याचं टॅमने पाहिलं, पण तेव्हा त्याला त्यात धोका दिसला नाही.

उपदेश सुरू झाला. अठ्ठेचाळीस फळ्या. प्रत्येक फळीखाली चांदीच्या दोन उथळ्या, म्हणजे बैठका. साहेब दर रविवारी बोलायचे तेच, त्याच आवाजात बोलत होते, पण आज समोरून दोनशे टक्क उघडे डोळे त्यांच्याकडे बघत होते. झोप आली की गीकी जांभई दाबायचा. दाबलेली जांभई नाकातून, कानातून जायला बघायची, तिथे वाट मिळाली नाही की डोळ्यांतून पाणी होऊन उतरायची. पहिल्याच बाकावर बसलेल्या मुख्य पंचाच्या गालांवरून धारा लागल्या होत्या. मेल्ड्रमसाहेबांनी ते पाहिलं आणि तीच फळी पुन्हा एकदा सांगितली.

दक्षिण बाजूच्या फळ्या संपता संपता डॉडची मान कलली. बायकोने पिन टोचली, जरा जास्तच.

"अगाई गं!" डॉड ओरडला.

त्या चर्चमध्ये उपदेशाच्या मधे कुणी तोंड उघडल्याची गेल्या शंभर वर्षांत नोंद नव्हती. सगळे गार पडले. साहेबांनी चष्मा काढला. "होय डॉड," ते भारावून म्हणाले, "अगदी हेच मलाही वाटलं. इतकी चांदी!"

नंतर त्यांनी बकऱ्यांच्या केसांच्या पडद्यावर एक विनोद केला. तो विनोद आहे हे गावाला आजवर कळलं नव्हतं, पण गीकीने मागे वळून डोळे वटारले आणि सगळं चर्च खदखदून हसलं. टोपीवालाही हसला. जाडजूड गृहस्थांनी शेजारच्या अनोळखी बाईंच्या पाठीवर थाप मारली.

मग साहेबांनी हातातले कागद खाली ठेवले. गीकीला वाटलं, सुटलो.

"मित्रहो," साहेब म्हणाले, "आजवर तुमची दया येऊन मी उपदेशाचा उत्तरार्ध गाळत आलो. पण आज तुमची ही तहान पाहून मला तो गाळवत नाही."

उत्तर बाजूच्या फळ्या सुरू झाल्या. मागच्या बाकावरून बस ड्रायव्हरचा हुंदका ऐकू आला.

उपासना संपल्यावर पाहुणे दारात आले, तेव्हा गाव आपापल्या भूमिकेत शिरलं. "बरं बोलतात तुमचे पाळक," टोपीवाला सहज म्हणाला.

"आमच्याकडे काही बघण्यासारखं नाही," डॉड गुरगुरला. एक हात त्याने मागे धरला होता, पिन लागली होती तिथे. "जा आपल्या गावाला. पाऊस येईल."

"नेहमी इतकी गर्दी असते?" एका बाईंनी विचारलं.

"कसली गर्दी? मला नाही दिसली," गीकी म्हणाला.

आणि जेसीकाकूंनी कमाल केली. तोंड वाकडं करायला सांगितलं होतं, पण वाकडं करता करता त्यांना खरंच रडू फुटलं. नवरा गेला त्या हिवाळ्यात मेल्ड्रमसाहेब रोज येऊन कोळसा आत आणून ठेवायचे, ते आठवलं असावं. त्यांनी टोपीवाल्याची बाही घट्ट धरली. "नेऊ नका रे त्याला! चांगला आहे रे तो! आम्हाला कोण आहे दुसरं?"

गीकी मनातून खूश झाला. इतका सुंदर अभिनय त्याने सर्कशीतही पाहिला नव्हता. फक्त एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. दाराच्या पलीकडच्या बाजूला, लोकांशी हात मिळवायला म्हणून आलेले मेल्ड्रमसाहेब उभे होते आणि सगळं ऐकत होते.

आठवडाभर गावाला दुसरा विषय नव्हता. गाडी स्ट्राथगॅरीची होती हे कळलं. मोठं दगडी चर्च, बागेतलं कोरडं ठणठणीत पाळकनिवास. बुधवारी तिथून फोन आल्याचं, गावाचे फोन जोडून देणाऱ्या टपालकचेरीतून समजलं. गुरुवारी मेल्ड्रमसाहेब गीकीच्या दुकानात शिरले आणि एक पितळी कडी मागितली.

"गिल्बर्ट, तुम्हाला म्हणून सांगतो. रविवारी चर्चमध्ये चार पाहुणे होते."

"हो का?" गीकी कड्यांच्या खोक्यात डोकं घालून म्हणाला.

"ती समिती होती. तुमच्या लक्षात आलं नसेल. त्यांनी मला बोलावलंय."

"अरेरे!" गीकीला हे बरं जमलं. "मग साहेब, जड अंतःकरणानं का होईना, पण तुमच्या उत्कर्षाआड आम्ही नाही येणार. सामान बांधायला दोऱ्या लागतील, त्या माझ्याकडून."

मेल्ड्रमसाहेबांनी काउंटरवरचे खिळे एका रांगेत लावले. "खरं सांगू? जायचंच होतं मला. घरात ओल आहे, बायकोचा, इसोबेलचा खोकला हटत नाही. आणि दर रविवारी रिकाम्या बाकांशी बोलून बोलून मला वाटायला लागलं होतं की मी पाळक नव्हेच, चुकून झालो. मागच्या शनिवारी मी तिला म्हटलं, कुणी बोलावलं तर जाऊ, नाही बोलावलं तर हे कामच सोडू."

गीकीचं डोकं खोक्यातून बाहेर आलं. हे त्याला ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांत विचारायचं सुचलंच नव्हतं.

"आणि मग तो रविवार आला," साहेब म्हणाले. "डॉड ओरडला. जेसीकाकू रडल्या. आणि तुम्ही, गिल्बर्ट... फळ्यांवरच्या उपदेशाला ढसाढसा रडणारा पंच मी जन्मात पाहिला नव्हता. अशी मंडळी सोडून जाणारा मनुष्य कसला? मी स्ट्राथगॅरीला नाही म्हणून कळवलं. घरातली ओल आमची आम्ही बघून घेऊ. ही कडी इसोबेलने मागितलीय, पडद्याला. राहायचं तर नीट राहू म्हणाली."

गीकीने कडी कागदात गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली. साहेब गेल्यावर त्याने दुकानाचं दार लावलं आणि रंगाच्या डब्यावर बसून राहिला.

गावात जो हलकल्लोळ झाला तो विचारू नका. डॉड म्हणाला, जेसीकाकू रडल्या म्हणून घोटाळा झाला. जेसीकाकू म्हणाल्या, बोंबलला कोण? बस ड्रायव्हर म्हणाला, मी तुमच्या गावचाही नाही, मला का छळलंत? सगळ्यांचं मिळून एकमत झालं की चूक गीकीची. पुढच्या रविवारी साहेब काय सांगतात ते ऐकायला सगळे पुन्हा आले. साहेबांनी 'मी राहतोय' म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कुणाला उठून बस पकडायचं धैर्य झालं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही झालं नाही. ज्या माणसाला आपण रडून थांबवलं, त्याच्या तोंडावर बलगारोला कसं जायचं?

आणि मग बातमी आली. स्ट्राथगॅरीची समिती मेल्ड्रमसाहेबांचा नकार घेऊन दुसऱ्या रविवारी पुढचं गाव ऐकायला गेली. पुढचं गाव म्हणजे बलगारो. तिथल्या तरुण पाळकाने एका दमात हो म्हटलं आणि महिन्याभरात बाडबिस्तरा बांधला.

वरिष्ठ सभेचे चिटणीस गीकीच्या दुकानात आले ते यासाठीच. "बलगारोला आता आम्ही नवा पाळक देणार नाही," ते म्हणाले. "ती मंडळी तुमच्यात मिळवतोय. तिथल्या चर्चला कुलूप."

"पण... त्यांच्याकडे तर केवढी गर्दी असायची!"

"गर्दीवर कुठे असतं ते, गीकी? जिथे पाळक आहे तिथून त्याला आम्ही हलवू शकत नाही. ज्याची जागा रिकामी होते ते चर्च मिटतं. मुख्य पंच आहात, एवढं ठाऊक नाही? आम्ही तर वाटच बघत होतो, दोघांपैकी आधी कोण हलतो त्याची." ते गीकीकडे बघत म्हणाले, "ऐकलं मी, तुमचे मेल्ड्रम चालले होते म्हणे. तुम्हीच आवरलंत त्यांना. चर्च वाचवलंत हो. शाबास!"

नियम गीकीला ठाऊक होता, सभेत त्याने त्यावर हातही वर केला होता. पण मेल्ड्रमसाहेबांना घालवायच्या नादात तो साफ विसरला होता. आपला बेत पार पडला असता तर? आज कुलूप पोर्टलोगीच्या दाराला असतं, आणि ते कुलूप कदाचित याच दुकानातून गेलं असतं. त्याला लाज वाटली, मग हसू आलं, मग पुन्हा लाज वाटली. चिटणीसांना त्याने तसं काही सांगितलं नाही. "कर्तव्यच होतं," असं काहीतरी पुटपुटला. त्या संध्याकाळी मात्र तो पाळकनिवासावर गेला, बरोबर चुना आणि ओल मारायचा रंग घेऊन गेला, आणि इसोबेलबाई नको नको म्हणत असताना मागची भिंत स्वतः खरवडायला बसला.

ईस्टरनंतरच्या रविवारी बस पहिल्यांदाच उलट्या दिशेने भरून आली. बलगारोची माणसं अवघडल्यासारखी खाली उतरली. सासरी आलेल्या नव्या सुनेचं काय होतं ते त्या सगळ्यांचं झालं होतं. त्यांचा मुख्य पंच पीटर क्रम दारात आला आणि गीकीचा हात हातात घेऊन त्याने आवाज खाली आणला.

"गीकी, तुम्हाला अकरा वर्षांचा अनुभव आहे. खरं सांगा. कसे आहेत हो बोलायला?"

"माणूस म्हणून असा दुसरा मिळणार नाही," गीकी म्हणाला, आणि ते त्याने मनापासून सांगितलं.

"ते ऐकलंय. बोलायला?"

"आज याजकांची वस्त्रं सुरू होतायत. तुम्ही अगदी वेळेवर आलात."

"किती चालेल साधारण?"

"या, या, पुढे बसा," गीकी म्हणाला. शेवटचा माणूस आत गेल्याची खात्री करून घेतली, आणि चर्चचं दार आतून लावलं.